मापापेक्षा चार बोटं जास्त

बॉक्स हिल, मेलबर्न
२४ फेब्रुवारी

प्रिय सुमे,

तुझं व्हॉट्सअॅपवरचं सहा मिनिटांचं रडगाणं दोनदा ऐकलं. दुकान बंद करायचं म्हणतेस. मुलं म्हणतात गाळा भाड्याने द्या, मोबाईलवाला दारात उभाच आहे. त्यावर आत्ता काही बोलत नाही. काय बोलायचं ते कराडला आले की तुझ्या काउंटरवर बसून, तुझा चहा पिऊन बोलेन. पण शेवटी तू जे म्हणालीस ना, 'कापडवाल्याचं नाव कोण लक्षात ठेवतं गं', ते मनातून जाईना. म्हणून फोन न लावता चांगला कागद घेऊन बसलेय. लेक हसते, म्हणते, आई, पत्र पोचायच्या आधी तूच पोचशील. पोचू दे.

तर ऐक. गेल्या आठवड्यात हे सगळे मला गाणं ऐकायला घेऊन गेले. गाणं म्हणजे आपलं नव्हे, साहेबी वाद्यवृंद. काळे कोट घातलेली पाऊणशे-शंभर माणसं आणि तेवढीच वाद्यं. मोठ्या बागेच्या उतारावर एक छत आहे, मांडवाचं कापड मधूनच कुणी चिमटीत धरून वर उचलावं तसं. छताखाली थोड्या खुर्च्या आणि मागे हिरवळच हिरवळ. आम्ही चादर अंथरली, थालीपिठं आणि चिवड्याचा डबा उघडला. शेजारी एक चिनी आजी मोदकासारखं काहीतरी वाफवलेलं नातवाला भरवत होती. आमची देवाणघेवाण झाली. तिला चिवडा तिखट लागला, मला तिचा मोदक अळणी.

तिकीट कुणीच मागितलं नाही. मी जावयांना विचारलं, सरकारचं आहे का हे? ते म्हणाले, नाही, हे 'सिडनी मायर फ्री कॉन्सर्ट', आणि ही जागा 'सिडनी मायर म्युझिक बोल'. म्हटलं, हा मायर म्हणजे मोठा गवई असणार. जावई म्हणाले, 'छे हो आई. कापड दुकानदार होता.'

सुमे, तुझ्याच शपथेवर सांगते, माझ्या हातातलं थालीपीठ हातातच राहिलं.

दुसऱ्या दिवशी वाचनालय गाठलं. इथल्या वाचनालयातली बाई मी इंग्रजी पुस्तक मागितलं की कौतुकाने बघते, ते मी आता मनावर घेत नाही. अॅलन मार्शल नावाच्या इथल्या नामवंत लेखकाने १९६१ साली या मायरवर अख्खं पुस्तक लिहून ठेवलंय. आपल्याकडे दुकानदारावर पुस्तक निघालंच तर ते त्याच्या पंच्याहत्तरीला, आणि बहुतेक त्याच्याच खर्चाने.

हा माणूस मूळचा इथला नव्हेच. जन्म १८७८ चा, क्रिचेव्ह नावाच्या गावातला. तेव्हा ते रशियाच्या झारच्या राज्यात होतं, आता बेलारूसमध्ये आहे. घराणं ज्यू. झारने ज्यूंना राहायला ठरावीक पट्टाच आखून दिलेला, आणि त्या पट्ट्यातसुद्धा दंगली, जाळपोळ. वाचताना मला आपले अलिबागकडचे शनवार तेली आठवले. तेही ज्यूच की. शनिवारी घाणा बंद ठेवायचे म्हणून लोकांनी हे नाव ठेवलं. त्यांच्या वाट्याला नुसतं नाव आलं, इकडे घरंच्या घरं पेटत होती.

पोराचं नाव सिम्हा बाएव्स्की. सिम्हा म्हणजे त्यांच्या हिब्रूत आनंद. अकरा भावंडांतलं शेंडेफळ. वडील धर्मग्रंथांचे पंडित. आणि घर कोण चालवायचं? आई. तिचं कापडाचं दुकान होतं. बाप पोथीत आणि आई गल्ल्यावर! तुझ्या माहेरची गोष्ट वाटली की नाही? पोरगा वयात आल्यावर आईचं दुकान तोच बघायला लागला. म्हणजे धंदा शिकायला त्याला कुठं जावं लागलं नाही, आईच्या पदराआडूनच शिकला.

थोरला भाऊ एल्कन दोन वर्षं आधी मेलबर्नला येऊन राहिला होता. त्याच्या मागोमाग १८९९ च्या ऑगस्टमध्ये हा उतरला. वय एकवीस, इंग्रजी जवळजवळ नाहीच. इथे फ्लिंडर्स लेन म्हणून गल्ली आहे, तेव्हा सगळी कपडे शिवणाऱ्यांची आणि ठोकवाल्यांची. तिथे ओळखीतल्या माणसाच्या आतल्या कपड्यांच्या पेढीत तो चिकटला. मग दोघा भावांनी मायर हे आडनाव घेतलं आणि बेंडिगो गावात छोटं दुकान थाटलं. सिम्हाचा सिडनी झाला. आता यातली गंमत बघ. मेलबर्न आणि सिडनी या दोन शहरांचं एकमेकांत कधी पटत नाही, आपल्या पुणे-मुंबईसारखं. आणि मेलबर्नचा सगळ्यात लाडका दुकानदार कोण, तर सिडनी.

बेंडिगोला मी जाऊन आलेय, आगगाडीने दोन तास. सोन्याच्या खाणींवर उभं राहिलेलं गाव. जुन्या इमारती अशा की प्रत्येकीला वाटतं मीच राजवाडा. पण सोन्याच्या गावातसुद्धा या भावांचं दुकान काही चालेना. दारात गिऱ्हाईक नाही, भवानी व्हायची पंचाईत. मग सिडनीने काय केलं, मोजे, लेस, फिती, पोलकी यांचं गाठोडं बांधलं आणि दारोदार निघाला. भाषा येत नव्हती. माल उघडायचा, मांडायचा, आणि बाईने हात लावून बघेपर्यंत थांबायचं.

इथे मला तुझे मामंजी आठवले. त्यांनीसुद्धा पहिली चार वर्षं सायकलला बोचकं बांधून उंब्रज, मसूर, रहिमतपूरचे बाजार केले होते ना? तेच सांगायचे की उंबऱ्यावर उभं राहिल्याशिवाय गिऱ्हाईक कळत नाही. बाईचं लक्ष मालाकडे कधी आणि तुझ्या फाटक्या चपलेकडे कधी, हे तिथेच कळतं. खण फाडताना गजाच्या पुढे चार बोटं जास्त सोडायचे, आणि तू नवीन लग्न होऊन आलेली, हिशेब मांडून त्यांना दाखवलास की वर्षाला किती वार फुकट जातं. काय म्हणाले होते तेव्हा? 'सूनबाई, ती चार बोटंच परत येतात.' तू मला हे सांगून किती हसली होतीस. मायरचं पुस्तक वाचताना पानोपानी मला ती चार बोटं दिसत होती, काय करू.

पण एक गोष्ट मात्र गप्प बसून सोडवत नाही. त्या काळी या भागात गाठोडं घेऊन फिरणारे आपलेही लोक होते, बरेच. पंजाबातले शीख आणि मुसलमान, काही सिंधकडचे. शेतकऱ्यांच्या बायका त्यांची वाट बघायच्या. १९०१ साली या देशाने कायदा करून गोरे नसलेल्यांना दार लावलं. कसं, तर उतरणाऱ्याला युरोपातल्या कुठल्याही भाषेत श्रुतलेखन घालायचं आणि नापास करायचं. आम्ही शाळेत पोरांना श्रुतलेखन घालायचो ते सुधारावीत म्हणून, इथे हाकलायला! पुढे १९०३ च्या कायद्याने आशियात जन्मलेल्याला नागरिक होण्याची वाटच बंद केली. म्हणजे शेजारच्या वाटेने तसंच गाठोडं घेऊन जाणाऱ्या एखाद्या सरदारजीकडे सिडनी मायरइतकीच हुशारी असती, तरी त्याचं दुकान मायरच्या दुकानासारखं मेलबर्नच्या बर्क स्ट्रीटवर आठ मजल्यांचं झालं नसतं. यात मायरचा दोष काही नाही. पण स्वतःच्या हिमतीवर वर आला असं जेव्हा लिहितात, तेव्हा हिमतीबरोबर कातडीही लिहावी.

असो. बेंडिगोत मग पॉल मॉल या मुख्य रस्त्यावर दुकान आलं आणि धडाक्याने चाललं. १९११ साली त्याने थेट मेलबर्नच्या बर्क स्ट्रीटवर, मोठ्या पोस्टाजवळचं 'राइट अँड नील' हे चालू कापड दुकान विकत घेतलं. तीन वर्षांत तिथे नवी इमारत, सॅन फ्रान्सिस्कोच्या 'एम्पोरियम' या दुकानाच्या धर्तीवर. 'मायर एम्पोरियम' १९१४ मध्ये उघडलं आणि काही आठवड्यांत पहिलं महायुद्ध. आणखी कुणी असता तर हबकला असता. याने युद्ध संपता संपता बॅलरॅटची लोकरीची गिरणीच घेऊन टाकली. माल आपला, विक्री आपली.

आता तू म्हणशील, हा तर मॉलवालाच झाला की! बरोबर आहे तुझं. आजूबाजूची जुनी, नावाजलेली कापड दुकानं याने एकेक करून गिळली. 'रॉबर्टसन अँड मॉफॅट' हे इथल्या खानदानी बायकांचं दुकान, तेही १९२० नंतर याच्या पोटात गेलं. ज्या छोट्यांना विकत घेतलं नाही त्यांचं काय झालं असेल ते तू माझ्यापेक्षा चांगलं सांगशील. याची जाहिरात, याचे सेल, याचे भाव, पुढे कुणी टिकायचं? त्याची आरती ओवाळायला मी हे पत्र लिहीत नाहीये. गाठोडंवाला मोठा झाला की दुसऱ्या गाठोडंवाल्याला जागा ठेवतोच असं नाही.

मधे थोडी भानगडही सांगून टाकते, नाहीतर तू पत्र अर्ध्यावर ठेवशील. पहिलं लग्न १९०५ मधलं, बॅलरॅटच्या नॅन्सशी. ते काही टिकलं नाही. मग याचं मन बसलं मर्लिन बेल्यू या मुलीवर. बेल्यू म्हणजे इथलं बडं घराणं. मुलगी वीस वर्षांची, हा एक्केचाळीस! अमेरिकेत जाऊन घटस्फोट घेतला, धर्म बदलून ख्रिस्ती झाला आणि १९२० च्या जानेवारीत तिकडेच लग्न लावलं. ऑस्ट्रेलियाचा कायदा तो घटस्फोट मानेना. म्हणून चारही मुलांचे जन्म अमेरिकेत, अनौरस ठरू नयेत म्हणून. बोटीने महासागर ओलांडून बाळंतपणं, विचार कर. नॅन्सचं पुढे काय झालं हे मी वाचलं त्यात फारसं नाही. अशा गोष्टीत पहिल्या बायकोला पान मिळत नाही, हे आपल्याकडच्या थोरांच्या चरित्रांतही बघितलंय मी.

आता मुख्य गोष्ट. १९२९ ला जगभर मंदी आली. इथे तिने फारच हाल केले. १९३२ च्या सुमाराला दहातल्या तिघांना काम नव्हतं. घरभाडं थकलं की सामान रस्त्यावर. त्यात १९३० चा नाताळ आला. मायरने काय करावं? दहा हजार बेकारांना नाताळचं जेवण.

अन्नछत्र आपल्याला नवीन नाही. पण हे कुठे घातलं बघ. इथे रॉयल एक्झिबिशन बिल्डिंग आहे, १८८० ची, घुमटाची, भव्य. या देशाची पहिली संसद १९०१ मध्ये तिथेच भरली. मी त्या घुमटाखाली उभी राहून आले, मान दुखेपर्यंत वर बघितलं. त्या जागी, जिथे एरवी बडी माणसं आणि त्यांच्या मेजवान्या, तिथे टेबलं मांडून काम गेलेल्या माणसांना त्यांच्या बायकापोरांसकट जेवायला बसवलं. आणि प्रत्येक मुलाला एकेक भेटवस्तू. हातात वाडगा देऊन रांगेत उभं करता आलं असतं, खर्चही कमी आला असता. आपल्या दुकानात बस्ता बांधायला आलेल्या मंडळींना तू कशी गादीवर बसवतेस, आधी पाणी, मग चहा, मग माल, गरीब असोत की बागायतदार? अगदी तसं. ज्याचा खिसा रिकामा आहे त्यालाही गिऱ्हाईकासारखं बसवायचं, हे ज्याने उंबऱ्यावर उभं राहून दिवस काढलेत त्यालाच सुचतं, असं मला वाटतं. चुकत असेन तर तू सांग, दुकानदार तू आहेस.

याशिवाय यारा नदीकाठचा रस्ता बांधण्याच्या कामाला त्याने पैसे दिले, बेकारांना रोजगार मिळावा म्हणून. भर मंदीत, १९३३ मध्ये, बर्क स्ट्रीटच्या दुकानाची दर्शनी बाजू नव्याने बांधून काढली. लोक विटा विकत होते तेव्हा हा बांधत होता.

आणि दुकानातल्या माणसांचं? कुणाला काढायचं नाही म्हणून सगळ्यांचे पगार पाचव्या हिश्श्याने कापले, स्वतःचा धरून. याचं फार कौतुक होतं. मी मात्र जरा अडखळले. मालकाचा पाचवा हिस्सा गेला तरी त्याच्या घरातला एक दिवा विझत नाही. काउंटरवरच्या पोरीचा पाचवा हिस्सा म्हणजे तिच्या घरचं दूध असतं. लेक म्हणाली, आई, पण नोकरी राहिली ना? राहिली. ते खरंच आहे, बाहेर दहातले तिघे बसून होते. तरीसुद्धा त्या औदार्यात त्या पोरींचाही वाटा धरावा, एवढंच माझं म्हणणं. जावई म्हणाले, तुम्ही युनियनमध्ये होतात का? म्हटलं, नाही हो, शिक्षिका होते. पगार उशिरा होण्याचा अनुभव दांडगा आहे.

गाण्याचं म्हणशील तर ते १९२९ पासूनचं. मायर स्वतः व्हायोलिन वाजवायचा, आवड होती. तेव्हा वाद्यवृंद ऐकायचा म्हणजे तिकीट काढून, चांगले कपडे घालून सभागृहात जायचं. याने तो वाद्यवृंदच बागेत आणून बसवला, फुकट. ज्याला यायचं त्याने यावं, पोरं रडली तरी चालेल. विद्यापीठाला त्याने १९२६ मध्ये कंपनीचे २५,००० शेअर दिले होते, त्याचं मोल खूप मोठं, पण मला ते कागदावरचं वाटतं. आमच्या शेजारच्या त्या चिनी आजीचा नातू ढोल वाजला की दचकून तिच्या मांडीत शिरत होता, ते मात्र डोळ्यांनी बघितलं.

१९३४ च्या ५ सप्टेंबरला हृदय बंद पडून हा गेला, वय अवघं छप्पन्न. अंत्ययात्रेच्या वाटेवर लाखभर माणसं उभी होती. इस्टेटीचा दहावा हिस्सा त्याने लोकांसाठी काढून ठेवला. ज्यूंमध्ये दशांश देण्याची जुनी रीत आहे. धर्म बदलला तरी आईच्या घरची ही गोष्ट बदलली नाही म्हणायची. त्यातून न्यास झाला, तो अजून चालू आहे. मुलांनी १९५९ मध्ये आणखी एक प्रतिष्ठान काढलं, आणि त्याच वर्षी फेब्रुवारीत ते मांडवासारखं छत उभं राहिलं, पंतप्रधान मेन्झिस यांच्या हस्ते उघडलं. १९६७ मध्ये तिथे 'द सीकर्स' या इथल्या गायकांना ऐकायला दोन लाख माणसं लोटली होती. म्हणजे हे छत आणि ती गर्दी मायरने पाहिली नाही. बर्क स्ट्रीटच्या दुकानात नाताळात काचेआड हलती चित्रं मांडतात, १९५६ पासून, तीही त्याच्या मागची. डिसेंबरात नातवाला घेऊन त्या रांगेत मी पाऊण तास उभी होते. आपल्याकडे गणपतीचे देखावे बघायला उभे राहतो तसंच, फक्त भजी नाहीत.

पुतळ्यापेक्षा मला त्याची समाधी बघायची होती, आणि ती निघाली आमच्याच बॉक्स हिलच्या स्मशानभूमीत. काल चालत जाऊन आले. ती आखलीय कुणी, माहितेय? एडविन ल्युटेन्सने, दिल्लीचं राष्ट्रपती भवन ज्याचं आहे त्याने. गाठोडं घेऊन फिरणाऱ्याच्या नशिबी शेवटी व्हाइसरॉयचा वास्तुकार. आजूबाजूला गवत नीट कापलेलं, पाखरं, आणि पलीकडच्या रस्त्यावरून भाजी घेऊन जाणाऱ्या बायका. मी थोडा वेळ बसले. फुलं न्यायची विसरले होते.

येताना लेकीने मायरच्याच दुकानात नेलं. तुझ्यासाठी काही घ्यावं म्हणून कापडाच्या विभागात गेले तर सुटं कापड कुठेच नाही. सगळं शिवलेलं, घडी करून ठेवलेलं. फाडून द्यायला माणूस नाही, मापायला पट्टी नाही. म्हणून तुला काही आणलं नाही, राग मानू नकोस.

१८ मार्चला पहाटे मुंबईत उतरतेय, २० ला कराडला. गाळ्याचं तुमचं तुम्ही ठरवा, मुलांचंही काही चूक नाही. पण मामंजींचा तो लोखंडी गज भंगारवाल्याला घालू नकोस. मला हवाय. पैसे देणार नाही, हे आत्ताच सांगते.

तुझी,
वासंती